उतारावरचे गवत

मेटवाडी, ता. पाटण
२ डिसेंबर २०२४

चि. संयोगिता,

हे पत्र तू न उघडताच विश्वजीतकडे परत पाठवशील, ही शक्यता गृहीत धरून लिहायला बसलो आहे. तरीही तुला आणि माझ्या नातीला, नंदूला, आशीर्वाद. ते परत पाठवता येत नाहीत.

तुझा दूरध्वनी क्रमांक विश्वजीत मला देत नाही. ‘ताईनं देऊ नको म्हणून सांगितलंय,’ एवढेच म्हणतो. मी त्याचे वाईट मानलेले नाही. आपण दोघे बोलायला लागलो की एकमेकांचे वाक्य पूर्ण होऊ देत नाही. पत्रात निदान तेवढी सोय असते.

सांगलीचे, विश्रामबागेतील घर विकताना मी तुला विचारले नाही, हा तुझा आक्षेप बरोबर आहे. ते घर तुझ्या आईने उभे केले होते, हेही बरोबर आहे. परंतु तिच्या पश्चात त्या चार खोल्यांत मी एकटा काय करत होतो, हे तू कधी विचारले नाहीस. विश्वजीतने या डोंगरावरील मोकळ्या जमिनीची गोष्ट काढली, तेव्हा निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणाला तरी माझी गरज आहे असे मला वाटले. तू म्हणालीस, “त्या डोंगरावर मी पाऊल ठेवणार नाही, आणि नंदूलाही पाठवणार नाही.” तुझी वाक्ये माझ्या लक्षात राहतात. तुला वाक्यरचना मीच शिकवली आहे.

आता जागेविषयी. तासगावच्या आपल्या तुकड्यामुळे आपण कागदोपत्री शेतकरी ठरलो, म्हणून खरेदी होऊ शकली. जमीन नाथाजी नावाच्या गृहस्थांची. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले असून ओढ्यापलीकडे वाडीत राहतात. कोयनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्ञानूची चहाची टपरी आहे. तेथील फाट्यावरून तांबड्या मातीची, गाडी जाईल एवढी एक वाट उतारावरून वर चढते आणि माथ्यावर संपते. माथ्यावर आपली तीन कौलारू घरे उभी आहेत. त्यांच्या मागे सरळ कडा आणि कड्याखाली धरणाचे पाणी. पुण्याची माणसे एक-दोन रात्रींसाठी ही घरे भाड्याने घेतात आणि त्या पाण्याकडे पाहत बसतात. विश्वजीत शिरवळच्या कारखान्यातून शनिवारी येतो. एरवी किल्ल्या देणे, नियम समजावणे आणि पाहुण्यांच्या मुलांना कड्यापासून दूर ठेवणे ही कामे माझी. सुभेदारांच्या पत्नी चंद्राबाई स्वयंपाकाला येतात. नाचणीची भाकरी आणि खर्डा खाऊन पाहुणे डोळे पुसतात आणि पुन्हा मागतात.

आणि हे गवत! वाटेच्या दोन्ही बाजूंना, फाट्यापासून माथ्यापर्यंत, कमरेइतके उंच. सध्या ते पिवळे पडत आहे. ऊन तिरपे झाले की अख्खा डोंगर सोन्याचा दिसतो. पाहुणे त्याचीच छायाचित्रे सर्वत्र पाठवतात, आणि ती पाहून नवे पाहुणे येतात. दिवाळीनंतर वाडीची माणसे विळे घेऊन आली होती. म्हणाली, दरवर्षी आम्ही हे गवत कापून नेतो. विश्वजीतने नकार दिला. पुन्हा प्रश्न उद्भवू नये म्हणून मी पाटी लिहिली: ‘या हद्दीत गवत कापण्यास सक्त मनाई आहे.’ सुभेदारांनी ती कवायतीचा हुकूम वाचावा तशी मोठ्याने वाचली. “अक्षार झ्याक हाय गुर्जी,” म्हणाले आणि माणसांना घेऊन परत गेले.

नंदूला हे सारे आवडेल. सुट्टीत घेऊन ये. मी आग्रह करत नाही, केवळ सुचवतो.

तुझे
अप्पा

---

मेटवाडी
१९ जानेवारी २०२५

चि. संयोगिता,

पहिले पत्र परत आले नाही. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही.

गेल्या आठवड्यात येथे एक प्रकार घडला. तो मी वेळीच निस्तरला. विश्वजीत तुला सांगेलच, परंतु तो तपशिलात ढिला आहे, म्हणून मीच लिहितो.

संक्रांतीनंतर एका सकाळी, गवतावर दहिवर असताना, मला धुराचा वास आला. बाहेर येऊन पाहतो तो वाडीची दहा-बारा माणसे आपल्या कुंपणाच्या आत, माथ्याजवळ, वाटेच्या कडेला ओळीने उभी. प्रत्येकाच्या हातात जांभळीचा हिरवा डहाळा, आणि त्यांच्या पायांशी गवत पेटलेले. कोणी ओरडत नव्हते. सुभेदार ओळीच्या टोकाला उभे राहून हाताने खुणा करत होते. मी धावत जाऊन हा काय प्रकार आहे असे विचारले.

ते म्हणाले, “आग उतरवायची हाय गुर्जी. दरसाल उतरवतो.”

“उतरवायची असेल तर मुळात लावू नये,” मी म्हणालो.

हे उत्तर मला त्या वेळी चोख वाटले. कोणीही हसले नाही. सुभेदारांनी आपल्या माणसांकडे पाहून मान हलवली. त्याबरोबर त्या माणसांनी डहाळ्यांनी आग इतक्या सहज विझवली, जणू अंथरुणावरची धूळ झटकावी. त्या सहजपणाचा मला अधिकच राग आला. गवत नाकारले म्हणून ही माणसे सूड घेत आहेत, हे उघड होते.

मी त्याच दिवशी पाटणच्या पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली. दोन पाने, एकही खाडाखोड नाही. ठाण्यातील साहेबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, असे मराठी हल्ली वाचायला मिळत नाही. सुभेदारांसह पाच जणांना बोलावून, या हद्दीत पुन्हा आग लावणार नाही असे हमीपत्र घेण्यात आले. सुभेदारांनी सही करून मला नमस्कार केला. त्यात कुचेष्टा नव्हती. असती तर मला ती कळली असती.

तेव्हापासून वाडी माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागते. वाटेत भेटले तर बाजूला होतात. विचारल्यावाचून बोलत नाहीत. चंद्राबाई अजून स्वयंपाकाला येतात, परंतु कोवळ्या पाडीला सावलीसाठी बरोबर आणून आपल्या भिंतीशी बांधत असत, तिला आता आणत नाहीत. सुभेदारांनी वाटेजवळ रचलेली वैरणीची गंजी मोडून ओढ्यापलीकडे नेली. चंद्राबाईही दुपारचा वारा सुटण्याआधी भाकऱ्या टोपल्यात झाकून निघून जातात. थांबा म्हटले तर म्हणतात, “घरी काम हाय.” मी याला रुसवा समजतो. रुसवे मला अपरिचित नाहीत.

नंदूची परीक्षा कधी आहे?

तुझे
अप्पा

---

मेटवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. संयोगिता,

विश्वजीत सांगत होता की, त्याने पाठवलेली छायाचित्रे पाहून नंदूने ‘अप्पांच्या सोन्याच्या डोंगरावर कधी जायचं?’ असे विचारले. तू काय उत्तर दिलेस ते त्याने सांगितले नाही. नाही म्हणालेली असतीस तर त्याने लगेच सांगितले असते. होळी आणि धुळवडीला जोडून सुट्टी आहे, एवढे केवळ नोंदवून ठेवतो.

काल दुपारी समोरच्या डोंगराला वणवा लागला. येथे उन्हाळ्याच्या तोंडावर वणवे लागतात, असे ऐकून होतो, परंतु पाहिला नव्हता. आम्ही अंगणात चहा घेत होतो. तळाशी, रस्त्याच्या वळणावर, प्रथम चिमूटभर धूर दिसला. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, कोणीतरी शेकोटी केली असेल. मग तो धूर उभा राहिला आणि चढू लागला. आग चढावर चालत नाही, संयोगिता. ती धावते. कप खाली ठेवेपर्यंत ती अर्ध्या डोंगरावर आली होती. धुराच्या पुढे घारी घिरट्या घालत होत्या. आगीपुढे पळणारे किडे-सरडे त्या वरच्या वर उचलत होत्या. पाहुण्यांनी चित्रफिती काढल्या आणि काहींनी टाळ्याही वाजवल्या. माथ्यावर पोहोचल्यावर आगीला पुढे जायला काही उरले नाही, म्हणून ती थांबली.

चंद्राबाई टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या. तो डोंगर कोणाचा, असे मी विचारले.

“हुता आमच्याच भावकीचा. इकला मुंबैवाल्याला. आता तिकडं बी कोन कापत न्हाई.” मग टोपली सावरत म्हणाल्या, “तिथं वर घर न्हवतं, बरं झालं.”

त्या गेल्यावर मी आपल्या उताराकडे पाहत राहिलो. तोही तसाच उभा आहे. गवत तेच. तळाशी रस्ताही तोच. विडी ओढत जाणारे, गाडीच्या खिडकीतून काहीही बाहेर फेकणारे लोकही तेच.

मी विश्वजीतला गवत कापून घेऊ या म्हणालो. तो म्हणाला, “अप्पा, होळीचं बुकिंग याच फोटोंवर झालंय. लोक येऊन बोडका डोंगर बघणार का? धुळवड होऊ दे, मग कापू.” त्याचे सारे या जागेत अडकले आहे, आणि जागेसाठी घर विकण्याचा निर्णय माझा होता. त्यामुळे मी मान्य केले.

काळजीचे कारण नाही. पाहिले ते तुला कळवले, इतकेच.

तुझे
अप्पा

---

मेटवाडी
५ मार्च २०२५

चि. संयोगिता,

तुझे पत्र मिळाले. ‘तेरा तारखेला दुपारी नंदूला घेऊन येते. एक रात्र राहीन. फक्त नंदूसाठी.’ तीन वाक्ये. मी ती इतक्या वेळा वाचली की आता कागद समोर नसतानाही तुझे अक्षर दिसते. कड्याच्या बाजूचे घर तुमच्यासाठी ठेवले आहे. नंदूसाठी खिडकीला जाळी लावून घेतली.

आता जे लिहायचे आहे ते लिहितो.

तुझे पत्र आले त्याच सकाळी मी ओढा ओलांडून सुभेदारांच्या घरी गेलो. आजवर त्यांच्या घरी गेलो नव्हतो. त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले. तक्रार मागे घेतो, उद्याच तसे लिहून देतो, तुम्ही ती आग उतरवून घ्या, असे मी म्हणालो. कारण एव्हाना मला उमजले होते. वरून पेटवलेली आग उताराने हळूहळू खाली येते. दहिवराच्या दिवसांत ती माणसाच्या मुठीत राहते. वाटेच्या दोन्ही बाजूंना असा पट्टा जाळून काळा केला की, पुढे तळाला कोठेही वणवा लागला तरी तो वाट ओलांडत नाही आणि वरच्या माणसाला उतरायला रस्ता उरतो. जानेवारीत त्या सकाळी ती माणसे माझ्या घराची वाट राखत होती. मी त्यांची सही घेतली.

सुभेदार म्हणाले, “आता न्हाई जमायचं गुर्जी. दहिवर सरलं, वारं सुटलं. आता काडी वढली, तर ती आमचं आयकायची न्हाई.”

मग मला तेव्हाच नीट समजावून का सांगितले नाहीत, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले.

“सांगिटलं की. तुमी कागूद केला.” ते हसत नव्हते. “फौजेत आमाला एकच शिकीवलंय. वरनं लेखी हुकूम आला की पाळायचा. चुकीचा आसंल तर लईच नेमानं पाळायचा, मंजी हुकूम देनाऱ्याला बी कळतंय.”

 कापणीविषयी विचारले, तर वाडीत कापायला माणसे नाहीत. तरुण पुण्यात, बाया वाळव्याकडे ऊसतोडीवर. उरलेले म्हातारे शिमग्याआधी जमेल तेवढे वाटेच्या कडेने कापतील. पाटी मी कालच उपटून ठेवली. तक्रार मागे घेतल्याचे पत्रही दिले. साहेब म्हणाले, भाषा नेहमीप्रमाणे उत्तम आहे.

उठताना मी तू येणार असल्याचे त्यांना सांगितले. न राहवून सांगितले, अभिमानाने म्हण. सुभेदार उभे राहिले.

“लेक येनार म्हंता,” ते म्हणाले, “आन् तिला वर ठेवनार?”

चंद्राबाई आतून म्हणाल्या, खाली आमच्याकडे उतरवा, ओढ्याच्या अंगाला काही भीती नाही. मी पाहू म्हणालो. पाहू म्हणजे नाही, हे त्या दोघांनाही समजले असावे. तुला मी या डोंगरावर यायला सांगितले, आणि तू आल्यावर परक्याच्या पडवीत उतरवू? तुझे म्हणणे खरे होते, असाच त्याचा अर्थ झाला असता.

मागच्या पत्रात काळजीचे कारण नाही असे लिहिले होते. ते विधान अचूक नव्हते. हे सारे मी आधीच लिहिले असते तर तू आली नसतीस, आणि तू यावेस यासाठीच मी ते लिहिले नाही. आताही तुला येऊ नकोस असे लिहिणे मला जमत नाही. माथ्यावर वणवा क्वचितच पोहोचतो असे विश्वजीत म्हणतो. मी त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचे ठरवले आहे.

मात्र येताना इतके कर. उजेडी ये. गाडी माथ्यावर लावताना तिचे तोंड उताराकडे ठेव. किल्ली गाडीतच राहू दे. नंदूला सुती कपडे घाल. कारण विचारू नकोस, तिलाही सांगू नकोस.

तुझे
अप्पा

---

फाटा, ज्ञानूच्या टपरीवरून
१३ मार्च २०२५, दुपार
चि. संयोगिता आल्यावर तिच्या हातात देणे

संयोगिता,

वर येऊ नकोस.

हे वाक्य मी आठ दिवस लिहू शकलो नाही, म्हणून आज पहिलेच लिहितो. पाच तारखेचे पत्र तुला मिळाले की नाही, ठाऊक नाही.

तुझा क्रमांक अखेर विश्वजीतने मला दिला. तो लागत नाही. तू डोंगराच्या आड असशील. विश्वजीतनेही प्रयत्न केला. म्हणून चालत खाली आलो आणि हा कागद ज्ञानूकडे देऊन जात आहे. तो तुझी गाडी थांबवेल. माणूस ओळखीचा नसला तरी थांब.

आज सकाळी चंद्राबाई आल्या नाहीत. शिमगा आहे, आज येत नाही, असा निरोप आला. जानेवारीत मी त्याला रुसवा म्हटले असते. विश्वजीतने अंगणात होळी रचली आहे, पुरुषभर उंच. तिन्ही घरे भरली आहेत. तुझे घरही आज सकाळी त्याने एका कुटुंबाला दिले, आणि मी ते देऊ दिले. कारण तू तेथे राहणार नाहीस, हे मी तोवर ठरवले होते. त्यांची दोन मुले आहेत. मोठी नंदूएवढी असेल. मी तिच्या आईला सांगून पाहिले, खाली उतरा, पैसे परत देतो. त्या म्हणाल्या, आम्ही होळीसाठीच आलोय. मी माझी भीती नीट शब्दांत मांडली, आणि शब्द चांगले होते म्हणून त्यांना ती गोष्ट ऐकण्याजोगी वाटली, उठण्याजोगी नव्हे. मुलगी मला म्हणाली, “आजोबा, अजून सांगा ना.”

वारा दहा वाजल्यापासून सुटला आहे. खालून वर वाहतो आहे.

वाट उतरताना पहिल्या वळणाजवळ सुभेदार आणि आणखी तिघे म्हातारे गवत कापताना भेटले. काल पहाटेपासून कापत आहेत. सुभेदारांची कंबर सरळ होत नव्हती. एवढ्या वेळात वळणही पार झालेले नाही. मी विळा मागितला, तर म्हणाले, “तुमी आदी लेकीला आडवा.”

म्हणून आलो.

तुला येथे थांबवून मीही तुझ्याबरोबर सांगलीला यावे, असे ज्ञानू म्हणतो. तो बरोबर म्हणतो. परंतु वर माणसे आहेत, आणि त्यांना तेथे बोलावणाऱ्या चित्रांखालचा मजकूर माझा आहे. ‘निसर्गाच्या निवांत सोबतीत’. मला परत जाऊन त्यांना खाली आणले पाहिजे. या वेळी चांगले बोलणार नाही. विश्वजीतच्या कानाखाली मारावी लागली तर मारीन. रचलेली होळी पाण्याने भिजवीन. सर्वांना वाटेने खाली आणता आले तर संध्याकाळी ओढ्यापलीकडे चंद्राबाईंकडे असू, आणि मग तू कधीही ये, किंवा येऊ नकोस.

माझ्यावरचा राग धरून तू यायचे टाळले असतेस तर बरे झाले असते. एक बाप हे आपल्या मुलीला लिहितो आहे. तुझा राग मी मोडून काढला, गोड पत्रे लिहून. तो होता तेवढा काळ तू सुरक्षित होतीस.

ज्ञानू विचारतो आहे, “गुर्जी, वास येतोय का वो कशाचा?” मला येत नाही. माझे नाक पूर्वीसारखे राहिले नाही. तो रस्त्यावर जाऊन वळणाकडे पाहतो आहे आणि परत येत नाही.

मी निघतो.

नंदूला डोंगराकडे पाहू देऊ नकोस. तिला सांग, अप्पांना काम होते. माझी वाट पाहत येथे थांबू नकोस, आणि काहीही दिसले तरी माझ्यामागे वर येऊ नकोस. ज्ञानूच्या टपरीसमोर गाडी वळवायला जागा आहे.

वळव.

अप्पा